बोंबलाच्या नाकानं निवडलेले गुलाब

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका गुलाबाला नाव ठेवलं. आधी त्याला नावं ठेवली, मग त्याचं नाव ठेवलं.

माझी बायको तुळिंजच्या बाजारात सुकी मासळी विकायची. त्या दिवशी दुपारीच पाटी हलकी करून ती रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला आली. मी तिथं उभा होतोच. रिक्षा करून आम्ही गासच्या वाटेवरच्या नर्सरीत गेलो. थंडीची सुरुवात होती, गुलाब लावायचा तर तेव्हाच. नर्सरीवाल्यानं तिला लांबूनच ओळखलं आणि त्याचं तोंड उतरलं, कारण पुढं मांडलेल्या झाडांकडं ही बाई कधी बघायचीच नाही.

"मावशी, हे बघा, आजच उमललंय. केवढं फूल आहे."

"मागचा माल दाखव."

"मागं टाकलेली झाडं आहेत."

"तीच दाखव. पानी घालायला इसरलास ती."

हीच तिची रीत. पुढच्या झाडाला रोज पाणी, रोज खत, ते तिथं हसणारच. आमच्या अंगणात खारा वारा आणि विहिरीचं मचूळ पाणी, तिथं आल्यावर ते चार दिवसांत माना टाकणार. मागं कुंपणाशी जे विसरलं गेलंय, पिशवी फाडून ज्यानं खाली जमिनीत मूळ घातलंय, पानं गेली तरी ज्याची काडी हिरवी आहे, ते झाड आपलं. ती वाकून नखानं काडी खरवडायची. आत हिरवं दिसलं की मान हलवायची.

मग वासाची परीक्षा. ती भर दुपारी घ्यायची. म्हणायची, सकाळी काय, सगळीच वास देतात, दवावर कोणीही देईल. दुपारच्या उन्हात जो देतो तो खरा. फुलाला नाक लावायच्या आधी ती पाटीत हात घालायची, तळाचा बोंबलाचा चुरा बोटांवर चोळायची आणि ती बोटं आधी नाकाशी न्यायची. त्यानंतर गुलाब.

"माजं नाक मेलंय," ती त्या माणसाला सांगत होती. "सगला जल्म सुकटीत गेला. आता या नाकातनं जो वास आत शिरल तो खरा. बाकीचे सगले तुमच्या पुस्तकातले."

त्या दिवशी चार झाडं नापास झाली. पाचवं काळपट लाल होतं, दांडी वाकडी, फूल एकच आणि तेही अर्धं. तिनं हुंगलं. परत चुरा चोळला, परत हुंगलं. मग माझ्याकडं धरलं.

"बगा."

"दांडी वाकडी हाय."

"तुमची सरल हाय? वास बगा."

वास होता. बोंबील बाजूला सारून आत येत होता. झाड उचलताना त्याच्या काट्यांनी तिचा पदर धरला, सोडवायला गेलो तर माझी बाही धरली. "कागदपत्र बगितल्याशिवाय सोडत नाय," ती म्हणाली. म्हणून त्याचं नाव हवालदार ठेवलं. घरी आलो तोवर उजेड गेला होता. हवालदाराला विहिरीच्या कठड्याशी ठेवलं, उद्या लावू म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाटीला बांधायचं फडकं हातात घेऊन ती पायरीवर बसली आणि खांबाला टेकली. मला वाटलं गाठ मारतेय. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा जवळ गेलो. शेजारची पोरं रिक्षा घेऊन आली तोवर काही उरलं नव्हतं. डॉक्टरनं हृदय म्हणून सांगितलं. म्हणू दे.

मला चौथीच्या पुढं शाळा माहीत नाही. गुलाबांबद्दल मी लिहायला बसलो ते तिच्यासाठी, आणि एका बाईसाठी. त्या बाईचा हिशेब मी चुकता केला, तो कसा केला ते सांगायचंय. ज्याला हे वाईट वाटेल त्यानं वाटून घ्यावं.

आमचं घर अर्नाळ्याच्या बाजूला, दर्यापासून हाकेच्या अंतरावर. मी होडीवर होतो, गुडघा गेल्यावर घरी बसलो. आम्हाला मूलबाळ नाही. आमच्या पूर्वेला नारळाची वाडी होती. नव्वदनंतर इकडं जमिनी विकायची लाट आली त्यात ती वाडी गेली आणि तिथं एक मजल्याचा बंगला उभा राहिला. मुंबईत कचेरीत आयुष्य काढलेलं मराठी जोडपं. साहेब गरीब माणूस, पेपर वाचायचा. बाई मात्र कडक. घरात अंडंसुद्धा नाही. देव्हारा एवढा मोठा की आमची चूल त्यात मावेल.

ती माझ्या बायकोला मावशी म्हणायची. दोघी एका वयाच्या, उलट बाईच वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. पण मासळीवाली म्हणजे मावशी. मला मामा.

आमच्याकडं वारा दर्यावरून येतो. आधी आमच्या अंगणातून जातो, मग त्यांच्या खिडकीत. अंगणात आमच्या वलांडी होत्या. दोन बाजूंना खांब, मध्ये आडवे बांबू, त्यावर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे आणि उन्हात वाळवायचे. माझ्या आजाच्या वेळेपासूनच्या. बंगल्याची वास्तुशांत झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात बाई दोन घरांमधल्या भिंतीशी येऊन उभी राहिली.

"मावशी, तुमच्याकडून वास येतो हो."

एवढंच. घाण शब्द तिनं वापरला नाही. तशी ती सभ्य. पण आपल्या भाषेत नुसतं वास म्हटलं की माणसाला काय ते कळतं. चांगला असता तर सुवास म्हणाली असती.

बायको म्हणाली, "बोंबील हाय बाई. सुकला की कमी व्हतो."

"पण रोज नवा लावता ना तुम्ही."

"रोज खातात ना मानसं."

हे मला आवडलं. बाईला आवडलं नाही. नंतर पंचायतीतून माणूस आला. तक्रार आलीय, वस्तीत मासळी सुकवता येत नाही, म्हणाला. कोळीवाड्यात मासळी सुकवता येत नाही. मी त्याला विचारलं, मग काय सुकवायचं, धोतरं? त्यानं कागद पुढं केला आणि वलांडी काढायला लावल्या. आजाचे खांब मी माझ्या हातानं उपटले. त्यानंतर बायको पहाटे उठून बोंबील डोक्यावरून किनाऱ्यावर न्यायची, तिथं टांगायची, दिवसभर कुत्रे-कावळे हाकायला कुणीतरी बसवायची आणि संध्याकाळी परत आणायची. ती मरेपर्यंत हे चाललं. त्या पायपिटीनं ती गेली असं डॉक्टर म्हणाला नाही. मी म्हणतो.

पहिल्या दिवशी खांबांचे खड्डे अंगणात तसेच होते. ती त्यांच्याकडं बघत उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "वास पायजे ना तिला. चांगला देते."

त्या खड्ड्यांत गुलाब लागले.

सुरुवात गावठीनं. पाचूबंदरची एक ख्रिस्ताव मासळीवाली बाजारात तिच्या शेजारी बसायची. तिच्या दारात क्रुसाजवळ गुलाबी गावठी गुलाबाचं जुनं झाड होतं. तिनं पेन्सिलीएवढ्या काड्या दिल्या, त्या आम्ही तशाच खोचल्या. या गुलाबाला दिसायला काही नाही. फूल चपटं, पाकळ्या भारंभार, सकाळी उमललं की दुसऱ्या दिवशी ओटीभर पाकळ्या खाली. पण वास असा की विहिरीवर पाणी काढणाऱ्या बाया थांबायच्या. खाऱ्या वाऱ्यानं पानं करपली तरी खोडातून परत नवी. पुढं पुढं याच्या फांद्या माणसापेक्षा उंच गेल्या आणि भिंतीवरून पलीकडं झुकल्या. हिचं नाव जाव. का, तर तिचे काटे आणि तिचा वास, दोन्ही आपल्याला सोडत नाहीत.

दुसरा पांढरा, मध्ये किंचित गुलाबी. वास वेलचीसारखा. थंडीत याच्या पानांवर भुरी यायची, पीठ सांडल्यासारखी. ताक पाण्यात घालून शिंपडलं की जायची. हा पहिल्या वर्षी मेला असं समजून मी उपटणार होतो, तिनं हात धरला. पावसाच्या आधी बुडातून कोंब आला. त्याचं नाव भगत, कारण अंगात आलेल्या भगतासारखा आडवा पडून परत उठला.

तिसरा लाल, हिवाळ्यात जवळजवळ काळा. त्याचा वास दुपारीच. सकाळी हुंगला तर काही नाही. उन्हाळ्यात फुलांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, तेवढे दोन महिने त्याच्याकडं बघू नये. याला नाव राहूनच गेलं.

आणलेले सगळेच जगले नाहीत. पिवळा एकही टिकला नाही. वास असून नाजूक होते, ते गेले. दणकट असून वास नव्हता, ते तिनं वाटून टाकले. दोन्ही असलेले थोडे. ते शोधायला आम्हाला वर्षं लागली.

खत म्हणजे मासळी. दुसरं आमच्याकडं काय असणार? मासळी धुतलेलं पाणी आठवड्यातून एकदा, तेही आधी साधं पाणी घालून मग, नाहीतर मूळ जळतं. मुंड्या, आतडी, खवलं खोडापासून हातभर लांब खड्डा करून पुरायची, वर चुना, वर वाळू, त्यावर दगड. दगड मांजरीसाठी. महिन्या-दोन महिन्यांत सगळी माती होऊन जाते. वर उभ्या माणसाला मासळीचा वास कणभर येत नाही. गुलाबाचा मात्र वाढतो. हे कुठल्या पुस्तकात आहे का माहीत नाही. आमच्या अंगणात आहे.

आमचं अंगण फुललेलं बघून बाईनं पण गुलाब आणले. पुण्याहून, गाडीच्या डिकीतून. नारिंगी, जांभळट, दोन रंगांचे. फुलं वाटीएवढी आणि वास कागदाचा. सगळी कलमं. म्हणजे खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला. पहिल्या उन्हाळ्यातच खाऱ्या वाऱ्यानं वरची जात मेली. मग खालून खुंटाचे फुटवे आले, उंच, सरळ, हिरवेगार. बाई खूश.

"मामा, बघितलंत का, माझे गुलाब पुन्हा धरले."

"धरले," मी म्हणालो.

"याला फुलं कधी येतील?"

माझी बायको भिंतीशी उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "येतील बाई. पानी घालत ऱ्हावा."

बाईनं त्या जंगली खुंटाला वर्षभर पाणी घातलं. शेणखत घातलं, माळी ठेवला, त्यानंही काही सांगितलं नाही, त्याला पगार मिळत होता. आमच्या तोंडातून शब्द निघाला नाही. रोज सकाळी चहा पिताना आम्ही दोघं भिंतीपलीकडचे ते काटे किती वाढले ते बघायचो. वलांडी उपटल्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा हसणं आलं ते त्या खुंटांमुळं.

शेवटी फुलं येत नाहीत म्हणून बाईनं ते काढून टाकले. मग तिचं लक्ष आमच्या फांद्यांकडं गेलं.

एक दिवस सकाळी बघतो तर भिंतीवरून एक काठी वर आली. टोकाला तार वाकवून आकडा केलेला. आकड्यानं आमच्या जावेची फांदी खाली ओढली आणि पितळेच्या ताटात फुलं तोडली. पूजेला. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. विचारणं नाही, सांगणं नाही. फांदी तिच्या बाजूला, म्हणजे फूल तिचं.

मी तडक उठलो. बायकोनं मागून बनियन धरला.

"कुठं चाललाव?"

"सांगतो तिला."

"काय सांगताव?"

"फुलं आमची हायत. नि खाली काय पुरलंय ते पन सांगतो."

ती खाली बसली. पदर तोंडात घालून हसत सुटली. मला आधी कळेना. मग कळलं. कडक बाई, अंडं चालत नाही, बोंबलाच्या वासानं पंचायतीत गेली. आणि तिच्या देवाच्या डोक्यावर रोज काय चढतंय, तर बोंबलाच्या आतड्यावर पोसलेलं फूल.

"सांगू नका," ती म्हणाली. "सांगितलाव तर थांबल. मग मी सकाली हसू कशाला?"

"देवाला चालतं काय?"

"देव काय तक्रार घेऊन आला? आपल्याच दर्यातली हाय. त्याला ओलख हाय तिची."

मग हा रोजचा नेम झाला. काठी वर आली की ती मला कोपरानं ढोसायची. "बगा, गेली मासली देवघरात." कुठल्या दिवशी सुरमई धुतलेलं पाणी घातलेलं असलं की म्हणायची, आज देवाचा सणाचा दिवस. मला मात्र आतून जळायचं. तिला हसून चालायचं, मला बदला पाहिजे होता. मला बाईचं तोंड बघायचं होतं. किती वेळा शब्द ओठांवर आला. पण बायको हसायची म्हणून मी गिळत राहिलो. वर्षं गेली अशी.

ती गेली त्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. मुंबईहून तिची धाकटी बहीण आली. तुळिंजच्या बाजारातल्या बाया पाट्या तशाच ठेवून आल्या. पाचूबंदरची ख्रिस्तावीण आली, पायाशी बसून तिच्या रीतीची प्रार्थना पुटपुटत राहिली. विहिरीशी ठेवलेला हवालदार कुणाच्या तरी पायाखाली आला. पिशवी फुटली, काडी बुडाशी मोडली. मी बघितलं आणि बघून सोडून दिलं.

मग बंगलेवाली आली. इतक्या वर्षांत ती आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. सणाला बायको शंकरपाळी पाठवायची, ती तिकडं कामवालीला जायची हे आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी ती आत आली. हातात तेच पितळेचं ताट, त्यात गुलाबी फुलं. आमची. बायकोच्याच झाडाची फुलं बायकोच्याच अंगावर घातली आणि बाजूला उभी राहिली. आणि कमरेला खोचलेला रुमाल काढून नाकाला लावला.

मेव्हणी पुढं मला म्हणाली, भावोजी, ती रडत होती हो. रडत असेल तर डोळे पुसतात. मी समोर उभा होतो. रुमाल नाकाला होता. खोलीत सुकटीच्या दोन गोण्या होत्या, त्या हलवायला कुणाला सुचलं नव्हतं. हिच्या प्रेतासमोर उभं राहून ती वास अडवत होती.

जाताना मला म्हणाली, "मामा, फार चांगल्या होत्या मावशी. काही लागलं तर सांगा."

मी हो म्हणालो. आग मीच दिली. परत आल्यावर बायकांनी भात घातला तो खाल्ला. त्या रुमालापलीकडं माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर बसलो होतो. उजाडलं होतं, वारा दर्यावरून सुटला होता, जाव भरून फुललेली. भिंतीवरून काठी वर आली. आकडा फांदीत अडकला आणि थांबला. मला वाटलं लाज वाटली असेल. मग बाईचं डोकं वर आलं. स्टुलावर चढली असावी.

"मामा, एक विचारायचं होतं. राग मानू नका."

"विचारा."

"तुम्हाला सुतक आहे ना. तर ही फांदी... म्हणजे झाड तुमचं आहे, पण फांदी आमच्या हद्दीत आहे. मी गुरुजींना फोन केला होता मघाशी. ते म्हणाले, आपल्या हद्दीतल्या फांदीला सुतक लागत नाही, फुलं चालतील. पण म्हटलं तुम्हालाही विचारावं. आज चतुर्थी आहे ना."

माझी बायको जळून रात्र उलटली होती आणि ही फोन करून फांदीचं सुतक विचारत होती. तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. उलट चौकशी केली म्हणून तिला बरं वाटत असावं.

मागच्या दारातून मेव्हणी आली आणि खांबाशी उभी राहिली.

"फांदीला सुतक नाय," मी म्हणालो. "गुरुजींचं बराबर हाय."

"नाही ना? बरं झालं बाई." आणि आकडा ओढला. तीन-चार फुलं ताटात टाकली.

"मुलाशी काय हाय ते गुरुजींना सांगितलाव?"

"काय आहे मुळाशी?"

"बोंबलाची आतडी. मांदेलीच्या मुंड्या. सुरमई कापली की तिचं रगत नि खवलं. सगल्या झाडांना तेच. शेनखत तुमच्याकडं, आमच्याकडं हेच."

ती हसली. मी चेष्टा करतोय असं तिला वाटलं. मी हसलो नाही. मग तिनं ताटाकडं बघितलं.

"कधीपासून?"

"पयल्यापासून. काडी खोचली तवापासून. तुमच्या देवानं आमच्या दारची जेवडी मासली खाल्ली तेवडी आमी दोगांनी नसंल खाल्ली."

"मावशींना माहीत होतं हे?"

"ती सोता पुरायची."

"मग मला सांगितलं का नाही? मी रोज... मी रोज वाहत होते हो, मामा. अभिषेकाला सुद्धा. एका शब्दानं सांगायचं नाही का?"

"तुमी एका शब्दानं विचारलाव काय? फुलं तोडू का म्हनून?"

तिनं हातातल्या काठीकडं बघितलं.

"तिना मना सांगू दिलं नाय," मी म्हणालो. "रोज तुमची काठी वर आली की हसायची. ती हसायची म्हनून मी गप होतो. आता हसनारी गेली."

तिचं तोंड मला बघायचं होतं ते मी नीट बघितलं. आधी तांबडं झालं, मग उतरलं. ताट कुठं ठेवावं ते तिला कळेना. देवाला नेता येईना, टाकता येईना, फुलंच ती. शेवटी तिनं ते भिंतीवरच ठेवलं, हात अंगापासून लांब धरले आणि खाली उतरली. मागच्या नळाचं पाणी सुरू झालं, ते बराच वेळ चालू राहिलं. आतून साहेबांचा आवाज आला, "अगं, काय झालं?" मग देव्हाऱ्यातली भांडी एकेक बाहेर मांडल्याचा आवाज.

मेव्हणी म्हणाली, "भावोजी, कालचा दिवस गेला नाय नि हे काय काढलाव?"

"उशीरच झाला," मी म्हणालो.

ती चहा ठेवायला आत गेली. मी उठलो. मनात होतं की बाई आता माळ्याला सांगून आपल्या बाजूची फांदी छाटेल. छाटू दे. जाव आहे ती, छाटली की दुप्पट फुटते. पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. पडवीतून काथ्याची दोरी काढली, जाळ्याची, समुद्रात वर्षं काढलेली. शिडी भिंतीला लावली. गुडघा ओरडत होता, ओरडू दिला.

आमच्या बाजूला झुकलेली जावेची जेवढी म्हणून लांब फांदी होती ती मी उचलली, भिंतीवरून पलीकडं टाकली आणि भिंतीवरच्या लोखंडी सळयांना बांधली. भगताच्या दोन फांद्या पोचल्या, त्या पण बांधल्या. लाल अजून बुटका होता, त्याला वाकवून एक फांदी कशीबशी भिंतीवर आणली. काट्यांनी हात फाटले, सदऱ्याला रक्त लागलं. आमच्या अंगणात मागं नुसती खोडं राहिली. सगळं फूल तिच्या खिडकीसमोर. वारा माझ्या पाठीवरून वाहत होता आणि तिच्या घरात जात होता. तिला चालेल असं एक फूल नाही, देवाला वाहायला एक पाकळी नाही, आणि दिवसभर हा वास.

पलीकडून साहेब बाहेर आला. पायजमा, हातात पेपर. वर बघून म्हणाला, "अहो मामा, हे काय करताय?"

"तुमच्या बाईला वास पायजे होता," मी म्हणालो. "तिकडं सोडतोय."

त्यानं ते ताट भिंतीवरून उचललं, फुलांकडं बघितलं, आणि एक फूल हळूच नाकाशी नेलं. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. आतून बाईनं त्याला हाक मारली आणि खालची खिडकी आपटून लावली. मग वरची.

भगताची आणखी एक फांदी बाकी होती आणि हातातली दोरी संपली होती. मी शिडीवरूनच मेव्हणीला हाक मारली.

"चहा ऱ्हाऊ दे. पडवीत आनखी काथ्या हाय, तो आन."